लघवीच्या पिशवीत गाठ निघाली तर पुढं काय करायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘युरिनरी ब्लॅडर’ या ओळीपुढं ‘मास’ किंवा ‘सॉलिड लेजन’ असं छापून आलं, की पेशंटच्या आधी नातेवाईक खचतात. कुणीतरी मोबाईलवर शोधतं, कॅन्सरची चित्रं पुढं येतात आणि डॉक्टरांकडं पोचेपर्यंत घरात रडारड होऊन गेलेली असते. मिरजेत युरोलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. जत, कवठेमहांकाळ, अथणी, चिकोडी अशा चारी बाजूंनी माणसं येतात आणि रिपोर्ट हातात धरून आधी मलाच विचारतात, “सिस्टर, हे कॅन्सरच असणार ना?” त्यांना कॉटशेजारी उभं राहून जे सांगत आले, ते इथं सविस्तर लिहिते.

आधी खरं ते सांगते. लघवीच्या पिशवीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात, त्यामुळं डॉक्टर तपासण्यांची घाई करतात ते योग्यच आहे. पण काही थोड्या गाठी साध्या असतात. पिशवीच्या भिंतीत स्नायूचा थर असतो, तो आकसला की लघवी बाहेर पडते. त्याच स्नायूच्या पेशी एका जागी वाढून गोळा झाला तर त्याला लायोमायोमा म्हणतात. बायकांच्या गर्भाशयात फायब्रॉइड होतात, त्याच जातीची ही गाठ. ती शरीरात दुसरीकडं पसरत नाही. पिशवीच्या सगळ्या गाठींत तिचं प्रमाण ०.५ टक्क्याहूनही कमी आहे, म्हणजे दोनशे गाठींमागं एखादीसुद्धा भरत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसते, आणि बहुतेक पेशंट तिशी ते साठीच्या दरम्यानचे असतात.

तेव्हा नुसती सोनोग्राफी बघून ‘काही नाही, साधीच असेल’ असं म्हणून घरी बसायचं नाही, आणि ‘कॅन्सरच आहे’ म्हणून हातपायही गाळायचे नाहीत. गाठीचं नाव ठरतं ते तिचा तुकडा काढून तपासल्यावर. तिथपर्यंत नीट कसं पोचायचं, तेवढंच तुमच्या हातात असतं.

त्रास नेमका सांगा

गाठ कुठं आहे त्यावर त्रास ठरतो. पिशवीच्या तोंडाशी असेल तर धार अडते, बारीक होते, जोर करावा लागतो, कधी लघवी पूर्ण तुंबते. भिंतीतून आत आलेली असेल तर सारखी लागते, दम धरवत नाही, जळजळते. वरचं अस्तर सोललं गेलं तर लघवीतून रक्त जातं. बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ कित्येकदा काहीच त्रास देत नाही. पाळीच्या तक्रारीसाठी पोटाची सोनोग्राफी करायला जावं आणि ही सापडावी, असंही होतं.

जतकडची चाळिशीतली एक बाई मला अजून आठवते. गावात तिला उन्हाळी लागल्याचं सांगून धण्याचं पाणी, सब्जा असं सगळं झालं होतं, अँटिबायोटिकच्या गोळ्याही होऊन गेल्या होत्या. डॉक्टरांसमोर ती नवऱ्याकडं बघून फक्त “लघवीला त्रास होतोय” एवढंच बोलली. मी तिला पडद्यामागं नेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, “बसल्यावर धारच येत नाही. पुढं वाकून ओटीपोट मुठीनं दाबलं की सुरू होते, ताठ झाले की पुन्हा बंद.” हे एक वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडलं, कारण बसण्याच्या ढबीनं धार बदलते म्हणजे तोंडाशी काहीतरी आडवं येतंय, असा त्यातून संशय येतो. तिची गाठ खरंच तिथं होती.

म्हणून जाण्याआधी दोन-तीन दिवस कागदावर लिहून ठेवा: दिवसात किती वेळा लागते, रात्री किती वेळा उठावं लागतं, धार कशी आहे, झाल्यावर पिशवी रिकामी वाटते का, रक्त सुरुवातीला दिसतं की शेवटी. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही लिहा. बोलायला लाज वाटली तर कागद पुढं करा. आणि लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, पुन्हा पुन्हा करूनही जंतू सापडत नसतील आणि त्रास मात्र तसाच असेल, तर गोळ्यांचा आणखी एक कोर्स घेण्याआधी “सोनोग्राफी करूया का?” असं स्पष्ट विचारा. न दुखता लघवीतून रक्त गेलं असेल तर एकदाच गेलं म्हणून अंगावर काढू नका. घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

सोनोग्राफीला पिशवी भरूनच जा

रिकामी पिशवी चुरगळलेली असते, त्यात लहान गाठ लपते आणि नुसती घडीसुद्धा गाठीसारखी दिसते. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. पहिली तपासणी झाल्यावर लघवी करून परत यायचं, मग मागं किती राहते ते मोजतात. साधारण ५० मिलीच्या आत राहणं ठीक. हा दुसरा भाग गर्दीत राहून जातो, तेव्हा आपणच आठवण करा. धारेचा वेग मोजायची युरोफ्लो तपासणी सांगितली, तर तिथंही पिशवी चांगली भरलेली हवी. १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर त्या आलेखावर विसंबता येत नाही.

लायोमायोमा सोनोग्राफीत बहुधा गुळगुळीत कडेची, एकसारखी, जरा काळपट दिसते आणि तिच्यावर अस्तराची पांढरी रेघ अखंड असते. कर्करोगाची गाठ पुष्कळदा खडबडीत, झुपकेदार असते. पण हा अंदाज झाला, निदान नव्हे. बायकांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. गर्भाशयाच्या पुढच्या अंगाची फायब्रॉइड पिशवीला दाबते आणि पिशवीतलीच वाटते, किंवा याच्या उलट. त्यामुळं आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं दाखवलं असेल तर ते कागद युरोलॉजीत आणा, आणि युरोलॉजीचे कागद त्यांनाही दाखवा.

दुर्बिणीआधी विचारायचा एक प्रश्न

हा भाग मी सगळ्यांना थांबवून सांगते. लघवी करताना किंवा केल्यावर लगेच छातीत धडधडतं का, डोकं ठणकतं का, दरदरून घाम येतो का, डोळ्यांपुढं अंधारी येते का? तरुण वयात बीपी वाढलंय आणि गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, असं आहे का? यातलं काही असेल तर दुर्बिणीनं पिशवी आतून तपासण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

कारण पिशवीच्या भिंतीत पॅरागँग्लियोमा नावाची एक गाठ होते. तीही अस्तराखाली गुळगुळीत फुगवट्यासारखी दिसते, आणि बीपी वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. लघवी करताना पिशवी आकसली की गाठ दाबली जाते आणि झटका येतो. अशा गाठीला तयारीशिवाय हात लावला तर टेबलावर बीपी धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. तपासणी मेटानेफ्रिनची असते, रक्ताची किंवा २४ तासांच्या लघवीची. त्यात काही निघालं तर आधी बीपीच्या ठराविक औषधांनी तयारी करतात आणि मगच ऑपरेशन.

२४ तासांची लघवी गोळा करताना बहुतेकांचा गोंधळ होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची सकाळची पहिली लघवी कॅनमध्ये घालून संपवायचं. लॅबनं दिलेल्या कॅनमध्ये तळाशी ॲसिड असू शकतं. ते ओतू नका, धुऊ नका, आणि थेट त्यात लघवी करू नका. वेगळ्या भांड्यात करून मग सावकाश ओता. कोणती औषधं बंद ठेवायची ते आधी विचारून घ्या, मनानं बीपीची गोळी सोडू नका.

एमआरआय

गाठ भिंतीच्या कोणत्या थरात आहे हे सगळ्यांत चांगलं एमआरआयमध्ये कळतं. लायोमायोमा टी-टू नावाच्या चित्रांत बहुधा स्नायूइतकीच गडद दिसते, पॅरागँग्लियोमा सहसा उजळ. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं घरीच काढून जा. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यात पाय बुडवून काढा, तिथं ऐनवेळी ओढाताण नको. तांबी बसवलेली असेल, पेसमेकर किंवा हाडात पट्टी असेल, तर सांगा. सीटी करायची ठरली आणि औषध टोचून करणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो.

सीडी आणि फिल्म दोन्ही मागून घ्या. नुसत्या टाईप केलेल्या कागदावर दुसऱ्या डॉक्टरांना मत देता येत नाही.

तुकडा: सगळं इथं ठरतं

सिस्टोस्कोपीत लघवीच्या मार्गानं दुर्बीण आत घालून पिशवी बघतात. लायोमायोमा असेल तर अस्तर बहुधा धड असतं आणि त्याच्याखाली नितळ उंचवटा दिसतो. अडचण अशी की गाठ अस्तराच्या खाली असते. वरवरचा चिमटा घेतला तर नुसतं चांगलं अस्तर हाती येतं आणि रिपोर्ट येतो, ‘नॉर्मल युरोथेलियम, नो मॅलिग्नन्सी’, म्हणजे अस्तर चांगलं, कर्करोग नाही. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. अहो, तीन सेंटीमीटरची गाठ डोळ्यांना दिसते आहे आणि तुकड्यात ती आलेलीच नाही, मग तो रिपोर्ट गाठीचा कसा? अशा वेळी डॉक्टरांना एकच विचारा: “तुकडा गाठीतलाच आहे का? स्नायूचा थर त्यात आलाय का?” नसेल तर वीजतारेच्या दुर्बिणीनं, भूल देऊन, खोलवरचा तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.

आपल्याकडं तुकड्याची बाटली लॅबमध्ये न्यायचं काम बऱ्याच वेळा नातेवाइकांवर येतं. ती हातात घेताना पुढच्या गोष्टी बघा. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या औषधात, पूर्ण बुडालेला हवा. नुसत्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो. झाकण घट्ट, बाटलीवर पेशंटचं पूर्ण नाव, आयपीडी नंबर आणि तुकडा कुठला ते लिहिलेलं. बाटल्या दोन असतील, वरचे तुकडे एकीत आणि खोलवरचे दुसरीत, तर दोन्हींवर वेगवेगळं लेबल. सोबतचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीचा. घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, त्याच दिवशी पोचवायची आणि पावती घ्यायची.

रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. त्यात लायोमायोमा असेल तर लांबट पेशींचे एकमेकांत गुंफलेले जुडगे दिसल्याचं लिहितात, आणि तीन गोष्टी नाहीत किंवा नगण्य आहेत असंही: नेक्रोसिस म्हणजे मेलेला भाग, ॲटिपिया म्हणजे पेशींचा बिघडलेला आकार, आणि मायटोसिस म्हणजे एका पेशीच्या दोन होण्याचा वेग. या तिन्हींवरच साधी गाठ आणि स्नायूचाच कर्करोग, लायोमायोसार्कोमा, यांतला फरक ठरतो. शंका असेल तर पॅथॉलॉजिस्ट आयएचसी सांगतात, म्हणजे पेशी कोणत्या जातीच्या आहेत ते ओळखायची त्याच तुकड्यावरची जादा तपासणी. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि आणखी काही दिवस जातात, पण टाळू नका. त्या रिपोर्टात लायोमायोमा असेल तर एसएमए आणि डेस्मिन या स्नायूच्या खुणा पॉझिटिव्ह येतात; सायटोकेरॅटिन, एस-१०० आणि एएलके निगेटिव्ह.

तुकडा मेणात बसवून केलेले ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड लॅबमधून मागून घ्या. दुसरं मत हवं असेल, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दाखवायचं असेल, तर ब्लॉक आणि स्लाईड असल्या की पुन्हा तुकडा घ्यायची वेळ बहुधा येत नाही.

ऑपरेशन ठरवताना

साठ टक्क्यांहून जास्त गाठी पिशवीच्या आत वाढतात, तीसेक टक्के बाहेरच्या अंगाला, आणि थोड्या भिंतीतच राहतात. आतली आणि लहान असेल तर लघवीच्या मार्गानंच खरवडून काढतात, पोटावर टाका नाही. मोठी, भिंतीतली किंवा बाहेरची असेल तर पोटातून दुर्बिणीनं, रोबोटनं किंवा टाका घालून गाठ सोलून काढतात, नाहीतर भिंतीच्या तेवढ्या भागासकट कापतात. बायकांत क्वचित योनीमार्गेही काढतात. लहान गाठ, त्रास काही नाही आणि तुकड्यानं साधी ठरलेली, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही खरा उपाय आहे. मात्र गाठ किडनीच्या नळीच्या तोंडाशी असेल तर किडनीला सूज येते का हे बघत राहावं लागतं.

लघवीची पूर्ण पिशवी काढायची गरज साध्या गाठीला पडत नाही. कुणी स्कॅनवरूनच तसं सुचवलं, तर “तुकड्याचा रिपोर्ट कुठंय?” असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारताना घाबरू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर स्वच्छ हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कधी थांबवायच्या हे ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच. गाठ बाजूच्या भिंतीवर असेल तर विजेच्या धक्क्यानं मांडी जोरात उडते आणि पिशवीला भोक पडायची भीती असते. म्हणून भूलतज्ज्ञ पाठीतल्या इंजेक्शनशिवाय जांघेत आणखी एक देतात किंवा पूर्ण भूल देतात. जादा इंजेक्शन बघून घाबरू नका.

पैशाचं आधीच बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट घेऊन ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही. कर्नाटकातून येणाऱ्यांनी त्यांचं कार्ड इथं चालतं का ते वेगळं विचारावं.

नळी, आणि घरी गेल्यावर

ऑपरेशननंतर तीन तोंडांचा कॅथेटर असतो: एकातून सलाईन आत जातं, दुसऱ्यातून बाहेर येतं, तिसऱ्यानं आतला फुगा फुगवलेला असतो. सोबत बसणाऱ्यानं बॅगेकडं लक्ष ठेवायचं. कोकम सरबताइतका फिकट गुलाबी रंग चालतो. गडद लाल झाला, गुठळ्या आल्या, किंवा आत सलाईन जातंय पण बाहेर येणं थांबलं आणि पोट फुगतंय, तर बेल वाजवत न बसता उठून सिस्टरला बोलवा. बॅग कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. नळी मांडीखाली दबू द्यायची नाही. नळी असूनही लघवीला लागल्यासारखं होतं, कळ येते, कडेनं गळतं. ते पिशवी आकसण्यानं होतं. जोर करू नका, सांगा, त्यावर औषध असतं.

खरवडून काढलेल्या गाठीला नळी एक ते तीन दिवस राहते. भिंतीचा भाग कापला असेल तर आठवडा ते दोन आठवडे, आणि काढण्याआधी पिशवीत औषध भरून एक्स-रे काढून गळती नाही ना ते बघतात. नळीसकट घरी सोडलं तर रोज आंघोळीच्या वेळी नळीभोवती साबण-पाण्यानं पुसून घ्या.

घरी दोन-अडीच लिटर पाणी दिवसभरात घोटघोट प्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती ते डॉक्टर सांगतील. कुंथायची वेळ येऊ देऊ नका, इसबगोल घ्या. भरलेली कळशी, गॅसची टाकी, चाऱ्याचा भारा, कडेवर नातवंड, हे चार ते सहा आठवडे बंद. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या घरच्यांना मी हे वेगळं बोलावून सांगते, कारण त्या स्वतः ‘बरं वाटतंय’ म्हणून चार दिवसांत कोयता उचलतात. मोटरसायकलवर खड्ड्यांतून प्रवास नको.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटून लघवी पुन्हा जरा लाल होते, त्याला पाणी वाढवणं पुरतं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, गुठळ्या पडायला लागल्या किंवा लघवी अडली, तर मात्र रात्र असली तरी निघा. जवळच्या दवाखान्यात गेलात तर डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि लघवीच्या पिशवीचं ऑपरेशन झालंय हे आधी सांगा.

पूर्ण निघालेली गाठ पुन्हा होणं विरळ आहे. काही भाग मागं राहिला तर तो वाढू शकतो, म्हणून तीन महिन्यांनी आणि त्यापुढं डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी किंवा दुर्बीण करून घ्या. येताना पहिली सीडी, ऑपरेशनचा कागद आणि तुकड्याचा मूळ रिपोर्ट घेऊन या. झेरॉक्स घरी, मूळ प्रत पिशवीत.